येसूबाईची नजर आणि जावयाचा डबा

आंबेनळीच्या रस्त्याला लागलं की पोलादपूर मागं पडतं, गाडी दम खायला लागते, आणि तिथंच एका वळणावर वर जाणारी मातीची वाट फुटते. त्या वाटेच्या टोकाला येसूबाईची वाडी. घरं मोजकी, गुरं भरपूर. वाडीत भांडण झालं तर लोक पोलीस पाटलाकडे जायचे, पण जनावर विकायचं असलं तर येसूबाईकडे. शेळी असो, बोकड असो, पारडू असो, तिच्यासमोरून एकदा चालत गेलं की ती वजन सांगून मोकळी. महाडहून येणारे व्यापारी सुरुवातीला हसायचे. तराजू आणायचे, जनावर तोलायचे आणि मग मुकाट्यानं तिच्याच अंदाजावर सौदा करायचे. पुढं पुढं त्यांनी तराजू आणायचंच सोडून दिलं.

"तराजू बिघडंल, माजी नजर नाय बिघडायची," असं ती म्हणायची. बढाई होती, पण खोटी नव्हती. तिच्या नवऱ्याला, रायबाला, या नजरेचा जाचच होता. शेतावर अर्धी भाकर टाकून आला, तर उंबऱ्यातच त्याची उलटतपासणी व्हायची.

अशा बाईची धाकटी लेक पूनम महाडला दिली होती. जावई नीलेश औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात पाळीवर जायचा. मुलगा सरळ, निर्व्यसनी, कमावता. खूळ म्हणाल तर एकच, चित्राचं. लोक पगार झाला की कपड्यांच्या दुकानात शिरतात, हा टीव्हीच्या दुकानात शिरून एकाच पडद्यासमोर तासभर उभा राहायचा. पाण्याचा थेंब दाखवत असले तर थेंबाची कड बघायचा. कड नीट दिसली की खूश होऊन घरी यायचा, जणू काही थेंब त्यानंच पाडला होता.

दिवाळसणाला तो वाडीवर आला, तेव्हा त्यानं सासऱ्यांना बसवून सगळं सांगितलं होतं. जगात आता हाय डेफिनिशनचा जमाना आला आहे. त्यासाठी डीव्हीडीसारख्या दोन जातीच्या नव्या चकत्या निघाल्या आहेत, दिसायला सारख्याच, पण एकीचं मशीन दुसरीला ओळख देत नाही. दोन्हीवाल्या कंपन्यांचं जुंपलं आहे आणि यातली एकच जात टिकणार. "म्हणून मी थांबलोय," नीलेश म्हणाला. "घाई केली तर हरलेल्या जातीचं मशीन गळ्यात पडायचं."

रायबानं तंबाखू मळता मळता मान डोलावली. "दोन रेडे झुंजत असले का मधी जाऊ नये, जावयबापू. जो उरंल त्यालाच दावं लावावं."

नीलेशला हे इतकं पटलं की तो कारखान्यात सगळ्यांना सांगत सुटला. आणि खरंच, उन्हाळ्याच्या आधीच एक रेडा पळाला. ब्लू-रे नावाची चकती जिंकली. नीलेशनं लगोलग भिंतीएवढा वाटणारा चपटा टीव्ही घेतला, त्याच्या जोडीला नवं मशीन आणि हाय डेफिनिशनचा एक हातातला कॅमेरा. जुना डबा टीव्ही आणि जुना डीव्हीडी प्लेअर मात्र त्यानं विकला नाही. पुसूनबिसून जीपमध्ये घातला आणि सासुरवाडीला पोचता केला. त्या डब्यावर येसूबाईनं पूनमच्या लग्नाची सीडी इतक्या वेळा पाहिली की कुठल्या पंगतीत कुणी दुसऱ्यांदा लाडू घेतला, हे ती न बघता सांगू लागली.

पावसाळ्याच्या तोंडावर पूनमला दिवस गेल्याचं नक्की झालं होतंच, गणपतीनंतर सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरचं, ही काही लिहून ठेवायची गोष्ट नाही. येसूबाईनं खोली सारवून घेतली, शेगडीला कोळसे आणले, गाईचं तूप कढवून बरणीत भरलं. आणि महाडच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की पावसानं घाटाचा रस्ता उखडलाय, या पोरीला धक्के सोसायचे नाहीत, हिला वर नेऊ नका. जरा नाजूक आहे, दवाखाना हाताशी असलेला बरा.

येसूबाईनं ऐकलं. मानलं नाही, पण ऐकलं. पूनमला पाहून तिला बरेच दिवस झाले होते. आधी लावणी, मग एक म्हैस व्यायला झाली, मग गणपती. फोन लावायला वाडीच्या वरच्या माळावर जावं लागे, आणि तिथून लागला तरी पूनम एकच वाक्य म्हणे, "मी बरी हाय गो आई." सासरच्या घरात उभी राहून बोलणारी लेक दुसरं काय म्हणणार, हे येसूबाईला ठाऊक होतं. तीही एके काळी तेच म्हणाली होती, आणि तेव्हा बरी नव्हती.

सासूच्या जिवाची ही घालमेल नीलेशला कळली. त्याला उपायही त्याच्याच पद्धतीचा सुचला. त्यानं एका रविवारी घरात कॅमेरा चालू केला, पूनमचं उठणंबसणं, जेवणखाण सगळं टिपलं, मित्राच्या कॉम्प्युटरवर त्याची डीव्हीडी बनवली आणि चंदनबरोबर वर धाडली. चंदन हा येसूबाईचा भाचा, पोलादपूर ते महाड जीप चालवायचा. सोबत निरोप होता: "आईंना सांग, हाय डेफिनिशनमध्ये काढलंय. पूनमच्या भुवईचा केस न् केस दिसेल."

दुपारी वीज होती. येसूबाई हात पुसून डब्यासमोर बसली, शेजारी रायबा, दारात चंदन. चकती आत गेली आणि पडद्यावर पूनमचं घर आलं. भिंत, भिंतीवरचं घड्याळ, मग स्वयंपाकघर.

"घड्याळ अंड्यासारखं हाय बग," रायबा म्हणाला.

"शेरात तसली मिळतात," येसूबाई म्हणाली. तिला घड्याळात रस नव्हता.

मग पूनम आली. येसूबाई पुढं सरकली आणि तिथंच थिजली. पोरीचं तोंड लांबलं होतं. गाल गेले होते. मानेची नुसती काडी राहिली होती. दंड बांगडीएवढे, आणि पोट तेवढं पुढं. सातव्या महिन्यातली बाई अंगानं भरते, ही वाळली होती. येसूबाईनं लग्नाची सीडी लावायला सांगितली. तीच पूनम, गोल चेहऱ्याची, टंच. पुन्हा नवी चकती. पुन्हा ती काडी.

"पाव हिस्सा उतरलीय माजी पोर," येसूबाई म्हणाली. आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि रायबाला त्याचीच जास्त भीती वाटली.

"विहीणबाय तर चांगल्या दिसतात की," पडद्यावर पूनमच्या सासूबाई दिसल्या तसा तो चाचरत म्हणाला.

"त्या दिसणारच. बग पुढं."

पुढं जेवण होतं. पूनम आणि तिच्या सासूबाई कमळाबाई समोरासमोर बसल्या होत्या. डब्यावर ताटातलं काही धड कळत नव्हतं, सगळा नुसता लालसर गाळ. पण एक गोष्ट स्पष्ट दिसली. कमळाबाईंचा हात पूनमच्या ताटात गेला, काहीतरी उचललं आणि स्वतःच्या ताटात टाकलं. पुन्हा गेला, पुन्हा उचललं. पूनम हात आखडून, मान खाली घालून बसली होती आणि हसत होती. येसूबाईला ते हसणं बघवेना.

"पोटुशीच्या ताटातला घास काढत्यात," ती म्हणाली. "आनि ह्यांचा ल्योक त्याचा शिनेमा काढून मला दाखवतोय."

रायबानं डॉक्टरीणबाईंचं नाव काढून पाहिलं. धक्क्यांचं काढून पाहिलं. येसूबाई उठून बरणीला फडकं बांधत होती. "धक्क्यानं काय व्हईल ते मी बगीन. उपाशी ठेवून काय व्हतं ते मला म्हाईत हाय. चंदन, उद्या सकाळी जीप रिकामी ठेव. मागं गादी टाक. पोरगी घेऊन यायचीय."

वाडीत येसूबाईनं एकदा सांगितलं की ते झालेलंच असायचं. सकाळी जीप उतरली. मागं गादी होती, पुढं येसूबाई, तिच्या मांडीवर तुपाची बरणी आणि नाचणीच्या भाकऱ्यांचं गाठोडं. रस्त्यानं डॉक्टरीणबाईंची बाजू खरी करून दाखवली. एका खड्ड्यात जीप अशी आपटली की बरणीचं फडकं सुटलं. चंदन म्हणाला, "आत्या, ह्या रस्त्यानं ताईला..." आणि आत्याचं तोंड पाहून त्यानं उरलेलं वाक्य गिळलं. पण येसूबाईच्याही पोटात त्या खड्ड्यानं गोळा आला होता. तिनं तो कुणाला दाखवला नाही एवढंच.

दार कमळाबाईंनी उघडलं. अंगानं चांगल्या भरलेल्या, दारात उभ्या राहिल्या की दार उरायचं नाही अशा. येसूबाईला क्षणभर चमत्कारिक वाटलं. काल डब्यात त्या बेताच्या दिसल्या होत्या.

"या, या विहीणबाई. अचानक? पूनम आणि नीलेश दवाखान्यात गेलेत, नेहमीची तपासणी. येतीलच. बसा."

येसूबाई बसली नाही. रायबा बसता बसता पुन्हा उभा राहिला.

"मी बसाया नाय आली," येसूबाई म्हणाली. "पोरीला न्यायला आली. तिला हितं खायला मिळंना हे मी माज्या डोळ्यांनी बगितलंय. तुमी तिच्या ताटातलं काढून घेता हे बी बगितलंय. गरिबाघरची हाय, पन माज्या दारात कुत्र्याच्या म्होरचंबी कुनी काढून घेत नाय."

कमळाबाईंचा चेहरा उतरला. मग लाल झाला. तरी त्या शांतपणे म्हणाल्या, "कुठं बघितलंत?"

"तुमच्या नीलेशनं धाडलेल्या चकतीत."

"बरं. मग मी तोंडानं काही सांगणार नाही. डोळ्यांनी बघितलंत ना, डोळ्यांनीच काय ते ठरवा. नीलेश येऊ दे." आणि त्या आत जाऊन चहा ठेवू लागल्या. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा येत होता.

येसूबाई शेवटी टेकली. समोर तो नवा चपटा टीव्ही होता, काळा, बंद. तिनं त्याच्याकडे रागानं पाहिलं आणि नजर वर नेली. वर घड्याळ होतं. कालचंच, तोच निळा काठ, तेच मोठे आकडे. पण अंड्यासारखं नव्हतं. भाकरीसारखं गोल होतं.

तिनं पुन्हा पाहिलं. गोलच. मनात पाल चुकचुकली. रायबाही वरच बघत होता, पण तो शहाणा माणूस, त्यानं लगेच नजर खाली घेतली. येसूबाईनं स्वतःला सांगितलं, घड्याळाचं सोड, पोरीचं बघ.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या आणि पूनम आत आली. "आई, तू कवा आलीस गो?" असं म्हणत ती गळ्यातच पडली, आणि येसूबाईच्या हातांना सगळं कळलं. पाठ भरलेली. दंड भरलेले. गाल वर आलेले, तेलपाण्यानं तुकतुकीत. लग्नातल्यापेक्षा चांगली दोन पायल्यांनी जास्त. पण येसूबाई सहजासहजी हार मानणारी नव्हती. तिनं लेकीला खाली बसवलं आणि घोट्याजवळ अंगठा दाबला, कारण भरल्यासारखी दिसणारी सूजही असते. अंगठा काढला. खळगा राहिला नाही. सूज नव्हती. कुणीतरी निगुतीनं घातलेलं अन्नच होतं ते.

"काय करतेस काय आई?" पूनम हसायला लागली.

नीलेशला सगळं सांगण्यात आलं, म्हणजे रायबानं अर्धं सांगितलं आणि उरलेलं चंदननं. ऐकता ऐकता नीलेशनं कपाळावर हात मारला.

"माझीच चूक, आई. हा कॅमेरा रुंद चित्र काढतो, ह्या नव्या टीव्हीसारखं. तुमचा डबा चौकोनी. जुना प्लेअर वर पाठवायच्या आधी काही दिवस मी ह्या टीव्हीला लावला होता आणि त्याला सांगून ठेवलं होतं, टीव्ही रुंद आहे म्हणून. ते बदलायचं राहिलं. मग त्यानं सगळं रुंद चित्र तुमच्या चौकोनात कोंबलं. दोन्ही बाजूंनी दाबलं की माणूस उभटच होणार."

"आनि लग्नाची शीडी मग बरी कशी दिसली?"

"ती मुळातच चौकोनी काढलेली. तिला दाबायची गरज पडली नाही."

येसूबाईला हे लगेच समजलं. पोत्यात माणूस कोंबला तर लांबट होणारच. तिचा जीव हलका झाला. नजर चुकली नव्हती. नजरेसमोर जे ठेवलं होतं तेच चुकीचं होतं. पण मघाशी उंबऱ्यात बोललेला दुसरा भाग अजून तसाच होता, आणि कमळाबाई चहाचे कप ठेवून भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"ते अंगाचं झालं," येसूबाई म्हणाली. "पन ताटाचं?"

"अगो आई, ते तर..." पूनम बोलायला लागली.

"तू गप्प बस," कमळाबाई म्हणाल्या. "नीलेश, लाव."

नीलेशनं चकती घेतलीच नाही. कॅमेऱ्याची वायर थेट टीव्हीत खुपसली, पडदे ओढले, आणि भिंतीवर तेच स्वयंपाकघर उजळलं. रायबाच्या तोंडून "आयला" निघालं. भिंतीवरचा पोपडा दिसत होता. पूनमच्या कपाळावर टिकलीच्या कडेनं फुटलेला घाम दिसत होता. भुवईचे केस दिसत होते, जावयानं कबूल केल्याप्रमाणे. आणि पूनम पूनमसारखी दिसत होती.

मग जेवण आलं. डब्यात जो लालसर गाळ होता तो इथं माशाचं कालवण होता. कमळाबाईंचा हात पूनमच्या ताटात गेला. दोन बोटांनी माशाचा तुकडा अलगद उलगडला, आणि बोटांच्या चिमटीत एक काटा आला. केसाएवढा बारीक, पांढरा, स्पष्ट. तो कमळाबाईंनी स्वतःच्या ताटाच्या कडेला ठेवला. पुन्हा हात गेला. पुन्हा काटा. काटे काढलेला मऊ गर पूनमच्या भाताकडे सरकवला गेला. कमळाबाईंच्या ताटात कडेनं काट्यांचा ढीग होता, मधला भात तसाच होता, आणि त्यावरची वाफ केव्हाच संपलेली होती.

टीव्हीतली पूनम मान खाली घालून हसत होती. आता ते हसणंही नीट दिसलं. लहान मुलाला कुणी भरवावं आणि त्याला लाज वाटावी, तसं होतं ते.

पूनम हळूच म्हणाली, "नदीचा मासा हाय आई. काटंच काटं. आपल्याकडं सुकट-बोंबील, मला हा खायला कुटं येतो? गेल्या म्हयन्यात घशात आडकला व्हता. तवापासनं ह्या मला काटा काढल्याबिगर घास घेऊ देत नायत. डॉक्टरनीनं मासं खा म्हनून सांगितलंय ना."

येसूबाईला लाज वाटली. इतकी की तिला उठून बाहेर जावंसं वाटलं, पण बाहेर जाणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती उठली आणि कमळाबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"विहीणबाय, मी वंगाळ बोलली. कुत्र्याचं तर बोलायला नको व्हतं."

"नको होतं," कमळाबाई म्हणाल्या. डोळे पाणावले होते, पण आवाज ताठ होता. मग त्यांनीच विचारलं, "त्या डब्यात मी कशी दिसत होते?"

"बेताच्या. तरन्यासारख्या."

"बारीक?"

"चांगल्याच."

कमळाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "नीलेश, तो डबा दुरुस्त करायची काही घाई नाही."

हसण्यात चंदनचा आवाज सगळ्यात मोठा होता, कारण परत जाताना गादीवर कुणी झोपणार नाही हे त्याला कळून चुकलं होतं. येसूबाईनं तसं बोलूनच टाकलं. "पोरीला वर न्यायची नाय. आज त्या खड्ड्यात माज्या पोटात काय झालं ते मलाच म्हाईत. पन पयलं बाळंतपन म्हायेरचंच व्हनार. म्हायेर खाली येईल. नवव्यात मी हितं येती ऱ्हायला, आनि संगती एक शेळी आनती. पोरीला ताजं दूध लागंल."

"शेळी?" नीलेश म्हणाला. त्यानं आपल्या नव्या टीव्हीकडे आणि खालच्या वायरींकडे पाहिलं.

"मागं अंगण आहे," कमळाबाई म्हणाल्या. "बांधू." विषय तिथं मिटला. रायबानं तेवढ्यात गादीचा विचार करून ती इथंच ठेवून जायचं सुचवलं, येसूबाईला निजायला होईल म्हणून.

जेवायची वेळ झाली होती. कमळाबाई पाहुण्यांना उपाशी जाऊ देणाऱ्यातल्या नव्हत्या, मग ते कसल्याही तोंडानं आलेले असोत. ताटं मांडली गेली. गरम भात, वर येसूबाईच्याच बरणीतलं तूप, नाचणीची भाकर आणि माशाचं कालवण. त्या दिवशीही नदीचाच मासा होता.

येसूबाईनं ताटाकडे पाहिलं. साऱ्या आयुष्यात तिनं जनावरांची वजनं नजरेनं सांगितली होती, पण या तुकड्यात काटे कुठं आहेत ते काही तिला दिसेना. तिनं चाचपत एक घास उचलला, तोंडाजवळ नेला आणि थांबली. विचारायचं तिच्या जिवावर आलं होतं.

समोरून कमळाबाईंचा हात आला. त्यांनी काही विचारलं नाही, येसूबाईकडे पाहिलंही नाही. घास तिच्या हातातून घेतला, दोन बोटांनी उलगडला, एक बारीक पांढरा काटा काढून आपल्या ताटाच्या कडेला ठेवला आणि दुसरा शोधू लागल्या.

येसूबाईनं आपलं ताट त्यांच्याकडे सरकवलं.